बोकाशी की साधा भोकांचा डबा? फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांसाठी

ओला कचरा घरीच जिरवायचा हे एकदा ठरलं की पुढचा प्रश्न येतो कशात जिरवायचा, आणि बऱ्याच जणांचं घोडं तिथेच अडतं. ज्यांच्याकडे जमीन नाही, फक्त बाल्कनी आहे, त्यांच्यासाठी पर्याय मोजकेच, गांडुळं, बोकाशी (म्हणजे हवाबंद बादलीत कचरा आंबवणं) नाहीतर साधा हवा खेळणारा डबा. मी तिन्ही वापरून बघितलेत त्यामुळे जे लिहितोय ते घरच्या अनुभवावरून, मोजमाप वगैरे काही केलेलं नाही.

गांडुळांचं आधी उरकतो. खत एक नंबर होतं, त्याबद्दल वादच नाही. पण बागेतली कुठलीही गांडुळं उचलून आणून चालत नाही, वरच्या थरात राहणारी आयसेनिया फेटिडा जातीची लागतात, त्यांना साधारण १५ ते २५ अंश तापमान मानवतं आणि पस्तिशीच्या पुढे गेलं की मरायला लागतात. लिंबाच्या साली, कांदा, तेलकट, खारट, सगळं वेगळं काढायचं. म्हणजे हे कचरा जिरवणं कमी आणि प्राणी पाळणं जास्त. आवड असेल तर जरूर करा, पण मला वाटतं बहुतेकांना खरी निवड उरलेल्या दोघांतच करायची असते.

बोकाशीची पहिली छाप एकदम भारी पडते हे मान्यच करायला हवं. १९८० च्या दशकात जपानमधल्या ओकिनावाच्या प्राध्यापक तेरुओ हिगांनी जे ईएम नावाचं सूक्ष्मजीवांचं मिश्रण आणलं तेच कोंड्यात मुरवून वापरतात. हवाबंद बादली, कचऱ्याचा थर, वर मूठभर कोंडा, दाबायचं, झाकण घट्ट. आत लॅक्टिक आम्ल तयार करणारे जीवाणू काम करतात, आम्लता इतकी वाढते की सडवणाऱ्या जीवाणूंचं काही चालत नाही, म्हणून घाण वास नाही, फक्त आंबूस. माश्या नाहीत. शिजवलेलं उरलंसुरलं, दुधाचं, अगदी मांस-मासे पण चालतात, जे साध्या डब्यात मी कधीच टाकणार नाही. ओट्याखाली मावते. दर दोनतीन दिवसांनी खालच्या नळातून पाणी काढायचं, ते शंभरपट पातळ करून झाडांना घालता येतं (वास मात्र अंगावर येतो, खिडकी उघडी ठेवा).

पण आता मूळ दुखणं. बादली भरली, दोन आठवडे बंद ठेवली, उघडली, वर पांढरी बुरशी म्हणजे सगळं व्यवस्थित झालंय (हिरवी-काळी आली तर बिघडलं). आणि आत बघितलं तर साली सालींसारख्याच दिसतात! कारण ते खत झालेलंच नसतं, फक्त आंबलेलं असतं. कचरा जेवढा टाकला जवळजवळ तेवढाच बाहेर निघतो. इतकं आम्लधर्मी की थेट कुंडीत घातलं तर मुळं जळतात. ते मातीत गाडायचं, दोन ते चार आठवडे तसंच ठेवायचं, मग कुठे त्याची माती होते. ज्याच्या घरामागे जमीन आहे त्याने खड्डा खणला की विषय संपला. बाल्कनीवाल्याने काय करायचं? त्याने एक मोठा टब घ्यायचा, त्यात माती भरायची, आंबलेलं त्यात मिसळायचं, वरून मातीने झाकायचं, आणि तोपर्यंत दुसरी बादली भरत आलेली असते कारण घरातला कचरा काही थांबत नाही, म्हणजे आणखी एक टब, आणि मातीचा टब उचलून सरकवणं म्हणजे कमरेचा प्रश्न. शिवाय टबात मातीपेक्षा हा माल जास्त झाला की वास आणि चिलटं दोन्ही येतात, म्हणजे जे टाळायला बोकाशी घेतली तेच.

एक दिवस त्या टबाकडे बघताना डोक्यात आलं, की शेवटचं काम जर मातीच्या, हवा लागणाऱ्या टबातच व्हायचं आहे तर आधीची बादली, आधीचा कोंडा, आधीचे दोन आठवडे कशासाठी? कोंडा तर कायम आणत राहावा लागतो. माझ्यासाठी निर्णय तिथेच झाला. तुमचं गणित वेगळं असू शकतं हे मान्य.

साधा डबा म्हणजे बाजूला आणि तळाला भोकं असलेला ड्रम किंवा बादली, खाली ताटली, बस. एक भाग ओलं तर दोन भाग सुकं, पाचोळा, भुसा, कोकोपीट, फाडलेले पुठ्ठ्याचे खोके, काहीही. पुस्तकात कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण २५ ते ३० ला १ असं देतात पण ते घरी कोण मोजतंय, नाक पुरतं. अमोनियासारखा उग्र वास आला तर सुकं वाढवा, सडक्या अंड्यासारखा आला तर आत हवा पोचत नाहीये, उलटंपालटं करा. मूठभर घेऊन पिळलं तर थेंब-दोन थेंब यावेत, धार नको.

याची पण कटकट आहेच. सुक्याचा साठा सतत हवा, पाचोळ्याचं पोतं बाल्कनीत कायम उभं असतं आणि घरच्यांना ते आवडत नाही. ढवळावं लागतं. चिलटं येतात, वर सुक्याचा जाड थर असेल तर खूप कमी. कधीतरी आत मोठ्या करड्या अळ्या दिसतात, ब्लॅक सोल्जर फ्लायच्या, बघून पहिल्यांदा अंगावर काटा येतो पण त्या निरुपद्रवी असतात, ती माशी चावत नाही आणि अळ्या कचरा फार भराभर संपवतात. मला आता त्या दिसल्या की बरंच वाटतं. आणि इतक्या छोट्या डब्यात उष्णता फार चढत नाही त्यामुळे बिया मरत नाहीत, खत घातलेल्या कुंडीतून न लावलेले टोमॅटो उगवतात, ते मी फायद्यात धरतो.

वेळ दोनतीन महिने लागतो म्हणून डबे दोन ठेवा, एक भरायचा एक मुरायचा. पण कचरा डोळ्यांदेखत खाली बसत जातो, भरला भरला म्हणता दोन दिवसांत परत जागा होते, आणि शेवटी जे निघतं ते चाळून थेट कुंडीत, मधे कुठला टप्पा नाही.

तर जमीन असेल, किंवा घरात शिजवलेलं आणि मांसाहारी बरंच उरत असेल, किंवा बाल्कनीच नसेल पण आंबलेला माल घेणारा बागवाला ओळखीचा असेल, तर बोकाशी घ्या, खरंच चांगली आहे. नुसत्या भाज्या-फळांच्या साली, चहाचा चोथा असला प्रकार असेल आणि बाल्कनीत थोडी सावली असेल तर मी तरी साध्या डब्यानेच सुरुवात करा म्हणेन. आणि बोकाशीची बादली आधीच घरात असेल तर ती टाकू नका, माझ्या बादलीला मी ड्रिलने भोकं पाडली आणि तीच आता दुसरा डबा म्हणून चालू आहे.