फाइलसेव्हर.जेएस: कामाची लायब्ररी, पण भलत्याच ठिकाणी वापरली जाणारी

ब्राउझरमध्येच तयार झालेला डेटा फाइल म्हणून डाउनलोड करून देणं, एवढंच काम एली ग्रे यांची ही जावास्क्रिप्ट लायब्ररी करते. कॅनव्हासवरचं चित्र असो की पानावरच्या तक्त्यातून काढलेली सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने पाडलेली साधी मजकूर फाइल), 'सेव्हॲज' या फंक्शनला ब्लॉब, म्हणजे ब्राउझरच्या मेमरीतला फाइलसारखा डेटा, द्यायचा, नाव द्यायचं, झालं. एमआयटी हा मोकळा परवाना आहे, एनपीएम या जावास्क्रिप्ट पॅकेजांच्या भांडारात 'फाइल-सेव्हर' नावानं मिळते. टाइपस्क्रिप्ट (टाइप्स जोडलेली जावास्क्रिप्ट) वापरणाऱ्यांना टाइप्सचं पॅकेज वेगळं घ्यावं लागतं.

आतली करामत साधी आहे. ब्लॉबला तात्पुरता पत्ता द्यायचा, 'डाउनलोड' ॲट्रिब्यूट असलेली लिंक बनवायची आणि तिच्यावर कोडनंच क्लिक करायचं. हे दहा ओळींत कुणीही लिहील. पण स्वतः लिहिणारे बरेचदा क्लिकच्या पुढच्याच ओळीत तो पत्ता रद्द करतात, आणि मग डाउनलोड कधी होतं, कधी होत नाही. ही लायब्ररी रद्द करण्यापूर्वी 40 सेकंद थांबते. असले बारकावे आयते मिळतात, हीच तिची खरी किंमत.

मराठी मजकुराची सीएसव्ही देणाऱ्यांनी एक गोष्ट पाहून ठेवावी. फाइलच्या सुरुवातीला बॉम, म्हणजे यूटीएफ-8 या अक्षर-एन्कोडिंगची 3 बाइटची खूण, नसेल तर एक्सेलमध्ये डबल क्लिकनं उघडल्यावर 'गाव', 'तालुका' या रकान्यांच्या जागी अगम्य चिन्हं दिसू शकतात. त्यासाठी 'ऑटोबॉम' पर्याय आहे, पण दुसऱ्या आवृत्तीपासून तो मुळात बंद असतो. आणि नुसता चालू करून भागत नाही: ब्लॉबच्या टाइपमध्ये 'चारसेट=यूटीएफ-8' लिहिलेलं नसेल तर लायब्ररी गुपचूप बॉम लावायचंच टाळते. एररही येत नाही.

मोठ्या फाइलींना ही लायब्ररी नको. अख्खी फाइल आधी ब्लॉब म्हणून तयार व्हावी लागते, तोवर ब्राउझरच्या डाउनलोड यादीत काहीच दिसत नाही आणि लोक बटण पुन्हा पुन्हा दाबत बसतात. आयफोनवर सेव्हॲज थेट क्लिकच्या हँडलरमधूनच, म्हणजे क्लिक होताच चालणाऱ्या फंक्शनमधूनच, बोलवावं. मध्ये सर्व्हरची वाट पाहिलीत तर ते चालेलच याचा भरवसा नाही.

सगळ्यात जास्त गैरवापर होतो तो सर्व्हरवर तयार होणाऱ्या फाइलींसाठी. सेव्हॲजला दुसऱ्या डोमेनचा पत्ता दिला की लायब्ररी आधी 'हेड' विनंती (फाइल न मागवता फक्त तिची माहिती विचारणारी) पाठवून त्या सर्व्हरची परवानगी तपासते, तीही सिंक्रोनस, म्हणजे उत्तर येईपर्यंत पान गोठतं. परवानगी नसली तर फाइल उतरवण्याऐवजी नवा टॅब उघडते. त्यापेक्षा सर्व्हरच्या स्क्रिप्टमधून 'कंटेंट-डिस्पोझिशन: अटॅचमेंट' हा हेडर, म्हणजे फाइल उघडू नको, उतरव असं ब्राउझरला सांगणारी उत्तरासोबतची सूचना, पाठवावा. नाव देवनागरीत हवं असेल तर 'फाइलनेम'सोबत तारांकित 'फाइलनेम*' द्यावं. त्यात आधी यूटीएफ-8, मग दोन एकेरी अवतरणचिन्हं आणि मग टक्केचिन्हांनी एन्कोड केलेलं नाव. 2011 च्या आरएफसी 6266 या इंटरनेट मानकात हे स्पष्ट आहे. सर्व्हरची स्क्रिप्ट पीएचपी भाषेत असेल तर मात्र उघडणाऱ्या टॅगच्या आधी एक रिकामी ओळ जरी राहिली, तरी ती फाइलच्या तोंडाशी जाऊन बसते आणि एक्सेल फाइल खराब असल्याची तक्रार करू लागतं. एरवी सीएसव्हीला तारणारा बॉम स्क्रिप्टच्या फाइलीत शिरला तर तोही हाच घोळ घालतो.

सर्व्हरच्या फाइलीला फाइलसेव्हर लावण्याचं एकच रास्त कारण उरतं: लॉगिनचं टोकन (ओळख पटवणारा कोड) विनंतीच्या हेडरमधून पाठवायचं असल्यानं साधी लिंक चालत नाही. तेव्हा ब्लॉब बनवण्याआधी उत्तराचा स्टेटस तपासाच, नाहीतर सर्व्हरनं जेसन या मजकूर-स्वरूपात पाठवलेला एररचा संदेशच 'पावती.पीडीएफ' म्हणून सेव्ह होतो आणि ग्राहक फाइल उघडत नाही म्हणून फोन करतो. एपीआय, म्हणजे फाइल देणारा सर्व्हरचा पत्ता, दुसऱ्या डोमेनवर असेल, तर सर्व्हरनं 'ॲक्सेस-कंट्रोल-एक्सपोझ-हेडर्स'मध्ये कंटेंट-डिस्पोझिशनचं नाव घातल्याशिवाय जावास्क्रिप्टला फाइलचं नाव वाचताच येत नाही.

2.0.5 ही आवृत्ती 2020 मधली आहे. जुन्या प्रकल्पात ती बसलेली असेल तर काढायची घाई नको. नव्यात, फक्त आजचे ब्राउझर सांभाळायचे असतील, तर त्या दहा ओळी स्वतःच लिहाव्यात. 40 सेकंदांची ओळ तेवढी उचलावी.