गवती चहा की तिखाडी? तेलासाठी वावर गुंतवण्याआधी

रोही (नीलगाय) आणि रानडुकरांनी वावर नासवल्यावर सुगंधी गवताकडे वळलेले शेतकरी आमच्या अचलपूरकडे आता दिसू लागलेत. उग्र वासाच्या पात्याला जनावर सहसा तोंड लावत नाही. अडतं ते पुढे, गवती चहा लावावा की तिखाडी, म्हणजे रोशा? मी आधी गवती चहा लावला, मग तिखाडी. दोन्हींचं तेल एकाच भट्टीवर काढलंय, म्हणून लिहितो.

लागवडीचं थोडक्यात सांगतो. गवती चहाचे ठोंब लावले की झालं, कापण्याही जास्त मिळतात, पण उन्हाळ्यात पाणी लागतंच. तिखाडीचं बी बारीक, त्यामुळे रोपं करायचा व्याप आहे. शिवाय तेल मुख्यतः फुलोऱ्यात असल्यामुळे कापणीची वेळ चुकवून चालत नाही. पाण्याला मात्र ती सोशिक. मेळघाटच्या उतारांवर आपसूक उगवणारं गवत आहे ते. बी मोतिया जातीचंच घ्या. सोफिया ही तिखाडीचीच दुसरी जात, तिचं तेल कमी प्रतीचं निघतं आणि या दोन्ही जाती दिसायला सारख्याच.

खरा फरक तेलात आहे. गवती चहाच्या तेलात साधारण ७० ते ८० टक्के सिट्रल हे वासाचं रसायन असतं, चांगल्या तिखाडीच्या तेलात ७५ ते ८५ टक्के जिरॅनिऑल. दोन्ही एकाच घराण्यातली, दहा कार्बनची. जिरॅनिऑल हे अल्कोहोल. त्यातले हायड्रोजनचे दोन अणू गेले की सिट्रल, म्हणजे अल्डिहाइड. दोन्ही जंतूंच्या पेशीचं पातळ आवरण बिघडवतात. बुरशीवर आणि ग्रॅम-पॉझिटिव्ह, म्हणजे बाहेरचं जादा आवरण नसलेल्या, जंतूंवर त्यांचा असर बरा पडतो. ग्रॅम-निगेटिव्ह जंतूंना वरून आणखी एक आवरण असतं, त्यामुळे ते सहसा तितकी दाद देत नाहीत.

माझी परीक्षा घरगुती. श्रावणात ज्वारीच्या भाकरीचे ओलसर तुकडे दोन बरण्यांत घातले आणि झाकणाला आतून तेलाचा कापूस चिकटवला. तिखाडीच्या बरणीत पाचव्या दिवशी पांढरी लव दिसली. गवती चहाच्या बरणीत आठवडा उलटला तरी काही नव्हतं. एकदाच केलंय, त्यामुळे फार जोर देत नाही, पण नुसत्या वाफेच्या जोरात गवती चहा मला सरस वाटला. अंगाला लावायचं म्हटलं की उलट. खोबरेल तेलात थेंबभर मिसळूनही आई म्हणाली, "हे झोंबते बापा, ते दुसरं दे." दुसरं म्हणजे तिखाडीचं. तेही कोणाकोणाला सोसत नाही, म्हणून निव्वळ तेल कधीच लावू नये आणि चिघळलेली जखम डॉक्टरलाच दाखवावी.

एवढ्यावर मी कदाचित गवती चहाच ठेवला असता. पण एका वर्षी भाव पडले म्हणून अर्धा कॅन तेल थांबवलं. मे महिना, वर पत्रे. जूनमध्ये बूच काढलं तर लिंबाचा तो ताजा वास बसलेला, मागून जुन्या वार्निशसारखा कुबट दर्प. फिकट पिवळं तेल तांबूस झालेलं, बुचाच्या आट्यांत चिकट थर. व्यापाऱ्याने कागदाची पट्टी बुडवली, दोनदा हुंगली आणि कॅन माझ्याकडे सरकवला. सिट्रलला हवा, ऊन, उष्णता, लोखंडाचा गंज, काहीच मानवत नाही. तेलातलं पाणी नीट काढून, ते काठोकाठ भरून गार जागी ठेवलं तर टिकतं, हे मला मान्य आहे. पण पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात आपल्याकडे गार जागा कुठली? आणि भाव नसताना तेल धरून ठेवता येत नसेल, तर शेतकऱ्याच्या हातात उरतं काय?

त्याच पत्र्याखाली पुढच्या उन्हाळ्यात तिखाडीचं तेल ठेवलं. पावसाळ्यात उघडलं तेव्हा गुलाबासारखा वास जवळपास तसाच होता.

ज्यांच्याकडे बारमाही विहीर आहे आणि भट्टीवरूनच तेल उचलणारा गिऱ्हाईक आहे, त्यांना गवती चहा वाईट ठरेल असं मी म्हणणार नाही. कोरडवाहू, मुरमाड वावर असेल तर माझं मत तिखाडीला. गवती चहाच्या चार ओळी मी विहिरीजवळच्या धुऱ्यावर ठेवल्यात. त्याचं ताजं तेल पावसाळ्याआधी रिकामी कोठी आतून पुसायला लागतं.