एपकॉटमध्ये ४८० डॉलरची टोपी

४८० डॉलर. एपकॉटची, म्हणजे फ्लोरिडातल्या डिस्नी वर्ल्डमधल्या थीम पार्कची, माणशी ९५ची चार तिकिटं, वर 'कॉन्सर्टची रिझर्व्ह सीट' म्हणून माणशी २५. वीस वर्षं अमेरिकेत काढलेल्या मला आपल्याच मराठी माणसाने टोपी घातली, हे लिहितानाही कान गरम होतात. लिहितोय, कारण ऑगस्टअखेरपासून नोव्हेंबरपर्यंत एपकॉटचा फूड फेस्टिव्हल असतो आणि असली तिकिटं विकणारी ही जमात तेव्हाच बाहेर पडते.

निमित्त त्या फेस्टिव्हलमध्ये गाणाऱ्या एअर सप्लायचं. १९७५ साली मेलबर्नला सुरू झालेला बँड. रसेल हिचकॉक आणि ग्रॅहम रसेल अजूनही एकत्र गातात. हॉस्टेलवर त्यांची कॅसेट अडकली की पेन्सिल घालून फिरवायचो. ती माणसं समोर गाणार म्हटल्यावर अक्कल गहाण पडते. त्यात नाशिकहून सासू-सासरे आलेले.

इथल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाचा मेसेज होता: "फॅमिलीत अडचण आली, प्लॅन कॅन्सल, आपल्याच माणसांना देतोय." गणपतीत त्याला एकदा पाहिलं होतं. भेट पेट्रोल पंपावर. मी आधी झेल केलं, म्हणजे फोनवरून थेट बँकेतून पैसे पाठवले (तेही भलत्याच नावावर, "मिसेसचं अकाउंट, दादा"), मग तिकिटांची कार्डं हातात आली.

आणि इथेच. एका कार्डाच्या मागे बॉलपेनने 'मॉम' लिहिलेलं होतं. बायको म्हणाली, "अहो, हे कुणीतरी वापरलंय." तो हसला, "वहिनी, मुलांनी आधीच वाटून ठेवली होती." मी काय केलं? बायकोलाच गप्प केलं. चारचौघांत माणसावर अविश्वास दाखवायला जीभ रेटली नाही, एवढाच माझा गुन्हा. 'मॉम' ही अक्षरं रोज रात्री दिसतात.

गेटवर कार्ड टेकवून बोट ठेवायचं असतं. दिवा हिरवा व्हायला हवा, तो निळा झाला. सासऱ्यांनी रुमालाला बोट पुसलं, परत ठेवलं. निळाच. "म्हातारपणी रेषा जातात हो बोटाच्या," असं म्हणून बिचारे तिसऱ्यांदा पुसत होते. बोट कुणाचं जुळणार? कार्डांवर आधीच दुसऱ्या कुटुंबाची बोटं नोंदलेली होती. अर्धी वापरलेली, अनेक दिवसांची तिकिटं. ती दुसऱ्याला चालतच नाहीत.

मागे फिरायचं तर पार्किंगचे ३० गेलेले. नवी चार तिकिटं काढली, करासकट ७१९.९४. आत गेल्यावर कळलं की अमेरिका गार्डन्स थिएटरच्या गाण्यांना वेगळं तिकीटच नसतं. पार्कात शिरलात की बाकावर जाऊन बसा. राखीव जागा पार्कच्याच जेवणाच्या पॅकेजवर मिळते. म्हणजे 'रिझर्व्ह सीट'चे १०० डॉलर मी फुकटच्या बाकासाठी मोजले. पहिला शो हुकला, दुसरा मागून पाहिला. आवाज अजून काय लागतो! पण माझं लक्ष फोनमध्ये, त्याला मेसेज करण्यात. एकच टिक.

बँकेने चाळीस मिनिटं संगीत ऐकवून सांगितलं, "पैसे तुम्हीच पाठवलेत." अरे, मीच पाठवले म्हणून तर फसलो ना! पोलीस रिपोर्ट आणा म्हणे. पोलीस म्हणाले, ऑनलाइन फॉर्म भरा. भरला. नऊ दिवसांनी फोन आला, तर मलाच प्रश्न: वापरलेलं तिकीट विकणं फ्लोरिडात गुन्हा आहे हे ठाऊक होतं का? जणू विकणारा मीच. रिपोर्टचा नंबर मागितला तर म्हणे आधी बँकेचं पत्र आणा. बँक म्हणते रिपोर्ट आल्याशिवाय पत्र नाही. मी दोघांना एकमेकांचे नंबर दिले. कुणी कुणाला फोन केला नाही. तिसऱ्या ठिकाणी, सरकारी पोर्टलवर, तक्रार टाकली. "आभारी आहोत" असं यंत्राचं उत्तर आलं.

झेल म्हणजे रोकडच समजा. तिकीट पार्ककडून किंवा त्यांच्या अधिकृत विक्रेत्याकडूनच घ्या. आणि बायको 'अहो' म्हणाली की थांबा.

सासऱ्यांना खरं सांगितलेलं नाही. ते नाशिकला सगळ्यांना सांगत असतात, अमेरिकेतल्या मशीनला माझं बोट वाचता येईना.