कुत्र्यांचं हॅमॉक कव्हर: भंडारदऱ्याला जाऊन आल्यावरचं मत

वॉरंटीच्या कागदावर बारीक अक्षरात एक अट आहे: पाळीव प्राण्यांमुळे झालेलं नुकसान ग्राह्य धरलं जाणार नाही. आता मला सांगा, कुत्र्यांसाठी म्हणून विकलेल्या सीट कव्हरचं नुकसान दुसरं कोण करणार? माझे सासरे?

असो. कव्हर गेल्या पावसाळ्याआधी घेतलं. अडीच हजाराला एक रुपया कमी. मागच्या सीटवर झोळीसारखं टांगायचं, चार हेडरेस्टना चार पट्टे, मधे जाळी, खाली रबरी ठिपके. बहुतेक कंपन्यांचं तेच असतं, त्यामुळे त्यावर वेळ घालवत नाही. गाडी हॅचबॅक, मागे एसीची भोकं नाहीत. प्रवासी दोन: लाडू, वजनदार लॅब्रडॉर, आणि ठमी, आमच्याच गल्लीतून उचललेली गावठी. पावसाळाभर गावात फिरवलं, डॉक्टरकडे नेलं, तेव्हा तक्रार नव्हती. एवढंच की धुतल्यावर ते दोन दिवस वाळत नाही आणि तोवर घरभर ओल्या कुत्र्याचा वास.

खरी परीक्षा ऑक्टोबरात झाली. पुणे ते भंडारदरा, चाकणच्या रांगेत आयुष्य घालवून, नारायणगाव, आळेफाटा, संगमनेर, अकोले, राजूर. दोनशेच्या आसपास किलोमीटर. पाऊस नुकता संपलेला, डोंगर अजून हिरवे, राजूरच्या पुढे भाताच्या लोंब्या पिवळ्या पडायला लागलेल्या, बांधांवर कुठे कुठे सोनकी अजून टिकून. ऊन मात्र ऑक्टोबरचं. मधली जाळी म्हणून महत्त्वाची: तिच्यातून पुढचा एसी मागे पोचतो. जाळी नसलेलं कव्हर पाचशेने स्वस्त मिळतं, ते घेऊ नका. आणि जाळी आहे म्हणून चहाला थांबल्यावर कुत्री बंद गाडीत ठेवू नका. उन्हात दहा मिनिटांत आतलं तापमान दहाएक अंशांनी चढतं. आम्ही आळीपाळीने चहा प्यायलो.

आता मुद्दा. वेल्क्रो.

सीटबेल्टचं कुलूप वर यावं म्हणून कव्हरला दोन चिरा दिल्यात आणि त्या बंद करायला वेल्क्रो लावलाय. याच चिरेतून पट्टा काढून कुत्र्याच्या हार्नेसला अडकवायचा (हार्नेसलाच, गळपट्ट्याला नाही, कचकन ब्रेक लागला तर मान जाईल). म्हणजे सगळ्या कव्हरमधली सर्वांत कामाची जागा ही, आणि तिथेच यांनी जगातली सर्वांत जास्त केस धरणारी वस्तू शिवलीय. लॅब्रडॉर पाळणाऱ्या माणसाला एकदा तरी विचारायचं होतं. महिन्याभरात त्या वेल्क्रोवर लाडवाच्या केसांचा नमदा तयार झाला. तो मी सुईने कोरून काढायचो. हेही सहन केलं असतं.

पण ऑक्टोबरात आपल्याकडच्या माळावर कुसळं पिकतात. धरणाच्या पुढे एका उतारावर दोघांना लांब दोरीवर फिरवलं आणि परत आली ती अंगभर कुसळं घेऊन. ज्यांनी जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: पुढे सुईसारखं टोक, त्यावर उलटे केस, मागे पिळलेली लांब शेपटी. ओल लागली की पीळ उलगडतो, शेपटी फिरते आणि टोक आत आत जातं. जमिनीत पेरून घ्यायची त्याची ती युक्ती, पण त्याला जमीन आणि ठमीचा पंजा यातला फरक कळत नाही. बोटांच्या बेचक्या, काखा, कानाची आतली बाजू, सगळं चिमट्याने तपासावं लागतं. गोचीडही याच मोसमात, तेही त्याच बैठकीत बघून घ्या.

कुत्र्यांच्या अंगावरची अर्धी कुसळं कव्हरवर उतरली. गुळगुळीत कापडावरची झटकली की गेली. वेल्क्रोमधली अजून, या क्षणी, तिथेच आहेत. त्या दिवसापासून चीर मिटत नाही. तिच्यातून माती खाली सीटवर जाते, आणि लाडू उठून उभा राहिला की त्याचा पाय बरोबर तिच्यात जातो. वेल्क्रोच्या जागी साधी चेन लावली असती तर कंपनीला किती खर्च आला असता? दहा रुपये? पंधरा?

आता कबूल करायलाच हवं असं एक. जाताना नारायणगावला चिरंजीवांनी प्रेमाने लाडवाला मिसळीतला पाव चारला. चंदनापुरी घाटात त्याने तो परत केला. सगळा. मी मनात सीटच्या स्वच्छतेचे पैसे मोजायला लागलो होतो. गाडी बाजूला घेतली, कव्हर चारी बाजूंनी उचललं, रस्त्याकडेला झटकलं, बाटलीने धुतलं. खाली सीटवर एक थेंब नाही. त्या एका प्रसंगात निम्मे पैसे वसूल झाले असं मी धरतो. बायकोच्या मते सगळे. ती वेल्क्रो साफ करत नाही.

मग संगमनेरच्या पुढे एका गतिरोधकावर पुढच्या उजव्या पट्ट्याचं प्लॅस्टिकचं बक्कल तुटलं. झोळीचा पुढचा अर्धा भाग खाली आणि लाडवाचं डोकं थेट गिअरवर. अकोल्याच्या बाजारात गुरांची दावी, कासरे विकणाऱ्या दुकानात गेलो. काकांनी गाडीत डोकावून बघितलं, म्हणाले, “बैल केवढा हाय?” चाळीस रुपयांचं सुती दावं घेतलं, हेडरेस्टला दोन वेढे, निरगाठ. ते आजही आहे, तसूभर सैल झालेलं नाही.

कुत्र्यांना हार्नेसच्या पट्ट्यात अडकवण्याला मी इतका का चिकटून आहे तेही सांगतो. जुन्नर, संगमनेर, अकोले हा सगळा उसाचा आणि म्हणून बिबट्याचा पट्टा. अकोल्याकडच्या बिबट्यांच्या विष्ठेचा शास्त्रज्ञांनी अभ्यास केला तेव्हा त्यांच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा निघाला तो कुत्र्यांचा. शेळ्या त्याच्या बऱ्याच मागे. आम्ही जिथे उतरलो तिथल्या मावशींनी सामान आत घ्यायच्या आधीच बजावलं, “दादा, अंधार पडला की कुत्री आत घ्या बरं का. ओट्यावर बांधू नका.” त्यामुळे संध्याकाळी दार उघडल्याबरोबर ठमी पट्ट्यातून सुटून शेतात पळाली तर काय, हा प्रश्न पुण्यात बसून वाटतो तितका काल्पनिक नाही. रतनवाडी, घाटघरच्या बाजूला तर अभयारण्यच आहे. तिथे कुत्री मोकळी सोडायचा विचारही नको. आम्ही त्यांना घेऊन धरणाच्या आसपासच राहिलो, आणि रतनवाडीचं अमृतेश्वराचं देऊळ दोघादोघांनी वेगवेगळं बघितलं. एक जण देवळात, एक जण कुत्र्यांपाशी. असाच प्रवास असतो हा, आधीच मान्य करून निघा.

परत आल्यावर कंपनीला फोन. आधी फोटो मागितले, मग व्हिडिओ, मग मूळ खोक्यात घालून पूर्ण कव्हर पाठवा म्हणाले. मूळ खोकं लाडवाने जूनमध्येच खाल्लं होतं. मग ती वर सांगितलेली अट दाखवली. मी लिहिलं की गतिरोधक हा पाळीव प्राणी नाही. त्यावर आठवडाभर शांतता.

इथवर लिहून हे तसंच ठेवलं होतं. मधे कुरिअरने चार नवी बक्कलं आली, फुकट, चिठ्ठीबिठ्ठी काही नाही. यावेळी धातूची आहेत. म्हणजे दोष त्यांना माहीत होता. पैसे न मागता पाठवली म्हणून कंपनीबद्दलचं मत एक पायरी वर सरकवतो, पण दावं काढणार नाही. तीन जागी बक्कल, एका जागी दावं.

घ्यावं का? कापड उत्तम, जाळी उत्तम, शिवण अजून एकही उसवलेली नाही. सेल लागला की हजार-पाचशे कमी होतात, तेव्हा घ्या. पूर्ण किमतीला नको. केस कमी गळणारं कुत्रं असेल आणि माळावर उतरणार नसाल, तर वेल्क्रोबद्दल मी जे बोललो ते सोडून द्या.

चेन बसवून द्यायला आमच्या इथला शिंपी दोन चिरांचे तीनशे मागतोय, वर “कुत्र्याचं आहे, आधी धुऊन आणा” म्हणतो. कोथरूडकडे कोणी दीडशेत करून देणारा माहीत असेल तर कळवा. धुऊन आणतो.