इंटर्नशिप सोडायची की थांबायचं? कामाची वही पाच महिने वापरल्यानंतर

शिकायला काहीच मिळत नाही, हे वाटणं दिवसागणिक बदलतं. कंटाळलेल्या दिवशी राजीनामा लिहावासा वाटतो, कुणी पाठ थोपटली की मुदत वाढवून घ्यावीशी वाटते. म्हणून कामाची वही, म्हणजे रोजच्या कामांची नोंद, ठेवायची. पाच महिन्यांच्या वापरानंतरचं मत: निर्णयासाठी उपयोगी आहे, पण भरण्यात ढिलाई झाली तर फसवतेही.

साधी एक्सेल शीट पुरते. रकाने चार: काम, लागलेला वेळ, प्रकार, कुणी तपासलं. प्रकार तीनच ठेवा: 'नवं', 'तेच ते' आणि 'ताटकळणं'. दिवस संपताना पाच मिनिटं लागतात. अर्ध्या तासापेक्षा बारीक नोंद करत बसू नका, आठवड्याभरात वही बंद पडते. कंपनीचा डेटा, ग्राहकांची नावं वहीत अजिबात नकोत.

पहिले दोन आठवडे हिशेबात धरू नका, ते लॅपटॉप आणि परवानग्यांतच जातात. त्यापुढच्या चार आठवड्यांची बेरीज करून आठवड्याची सरासरी काढा. समजा आठवड्याचे 40 तास असे निघाले: तेच ते 22, ताटकळणं 11, नवं 7, आणि त्या सातांतले दोनच तास कुणी तपासलेले. इथे आधी 11 कडे बघा. ताटकळण्यामागे बहुधा न मिळालेली परवानगी किंवा उत्तर न आलेला मेल असतो आणि ते एका दिवसात सुटू शकतं. 22 तास कमी करणं अवघड, कारण ते काम कुणीतरी करायचंच असतं.

चौथा रकाना सगळ्यात मोलाचा. समजा प्रोग्रामचा कोड पाठवला आणि 'छान' एवढंच उत्तर आलं, तर ते तपासणं नव्हे. 'हे फंक्शन दोन कामं करतंय, वेगळं कर' हे तपासणं. नवं काम भरपूर पण तपासणारं कुणी नाही, अशा जागी चुकाच पक्क्या होतात.

चूक हमखास होते ती 'नवं' लिहिताना. टूल बदललं, काम तेच राहिलं, तरी हात 'नवं'कडे जातो. तेच काम तिसऱ्यांदा आलं आणि अवघड झालं नसेल, तर ते 'तेच ते'. शुक्रवारी आठवून एकदम भरलं, तर ताटकळण्याचे तास हमखास गळतात.

मग मेंटॉरशी, म्हणजे तुमच्या कामावर देखरेख करणाऱ्या वरिष्ठाशी बोला, तक्रारीच्या सुरात नको: "रिपोर्टचं काम दुपारपर्यंत संपतं. मंगळवार-गुरुवारी तीन-तीन तास मोकळे असतात. यादीतला एखादा छोटा बग दुरुस्तीला घेऊ का? शुक्रवारी दहा मिनिटं बघून द्याल का?" हेच मेलवरही टाका आणि दोन आठवडे द्या. मेंटॉरला खरंच वेळ नसेल तर टीममधल्या दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्यायची परवानगी मागा. दोन आठवड्यांनंतरही आकडे तिथेच असतील, किंवा असं काम इथे नाहीच असं उत्तर आलं, तर सोडा.

सोडण्याआधी ऑफर लेटर काढून वाचा: नोटीस किती दिवसांची, सर्टिफिकेटसाठी किमान मुदत किती, स्टायपेंड कधी मिळणार. कॉलेजचे क्रेडिट तासांवर अवलंबून असतील आणि तीन-चार आठवडेच उरले असतील, तर थांबलेलं बरं. स्टायपेंडची गरज हेही थांबण्याचं रास्त कारण आहे, त्यात कमीपणा नाही.

वहीत न मावणाऱ्या गोष्टीही आहेत. मीटिंगमध्ये नुसतं ऐकून बरंच कळतं, ते कुठल्याच रकान्यात बसत नाही. आणि अपमान किंवा त्रास होत असेल, तर चार आठवड्यांच्या बेरजेची वाट बघायची नाही.

पुढच्या मुलाखतीत एक प्रश्न आवर्जून विचारा: इंटर्नचं काम कोण तपासतं आणि किती दिवसांत? उत्तरात एखाद्या माणसाचं नाव आलं, तर निम्मी काळजी मिटते.