कोकणातल्या घरासाठी: डिशचा रिचार्ज, डीडी फ्री डिश की नेटवरचा टीव्ही?

डिशचा रिचार्ज बंद करूया का, हा विषय आता रत्नागिरीपासून वेंगुर्ल्यापर्यंत घराघरात निघतो. आणि सल्ला शोधायला गेलं की मिळतो तो पुण्या-मुंबईच्या फ्लॅटवाल्यांसाठी, फायबर घ्या, टीव्हीला नेटवरचं दाखवणारी स्टिक लावा, झालं काम. आमच्याकडे तसं होत नाही, आमच्याकडे चार महिने पाऊस आहे, वाडीतली घरं लांब लांब आहेत, त्यातली काही वर्षभर कुलपात असतात, आणि घरात बहुतेक वेळा म्हातारी माणसंच टीव्ही बघत असतात. म्हणून हे सगळं कोकण डोळ्यांसमोर ठेवून लिहितेय.

पहिली गोष्ट, घरात नक्की काय बघितलं जातं ते बघा, सगळा निर्णय तिथेच होतो.

मालिका असतील तर. स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी हे पे चॅनल आहेत आणि फ्री डिशवर (दूरदर्शनची बिनरिचार्जची डिश) ते येत नाहीत, दुकानदार काहीही सांगू दे. फ्री डिशवर डीडी सह्याद्री कायम असतं, बाकी खाजगी मराठी चॅनल येतात आणि जातात, कारण तिथल्या जागांचा प्रसार भारती (दूरदर्शन चालवणारी सरकारी संस्था) लिलाव करते आणि ज्याने बोली लावली तो दिसतो. म्हणजे आज शेजाऱ्याकडे एखादं चॅनल दिसतंय म्हणून पुढच्या वर्षी तुमच्याकडे दिसेलच असं नाही. नेटवर जायचं म्हटलं तर प्रवाह आणि कलर्सच्या मालिका जिओहॉटस्टारवर (हॉटस्टार आणि जिओसिनेमा फेब्रुवारी 2025 मध्ये एक झाले), झीच्या झी5 वर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर, म्हणजे आईला प्रवाह आणि झी दोन्ही लागत असेल तर दोन सबस्क्रिप्शन, वर नेटचं बिल वेगळं. आणि जी बाई वर्षानुवर्षं रिमोटवर एक नंबर दाबून साडेसातची मालिका लावते तिला अ‍ॅप उघड, प्रोफाइल निवड, शोध, हे सगळं शिकवावं लागतं. शिकतात बायका, माझ्या ओळखीतल्या कितीतरी जणी शिकल्या, पण समजावणारं कोणी घरात हवं, मुंबईहून फोनवर ते जमत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत, घरात रोजच्या मालिका हाच मुख्य टीव्ही असेल तर डिश बंद करू नका, तिचा पॅक कापा. 2019 पासून ट्रायच्या (फोन-टीव्ही कंपन्यांवरची सरकारी नियामक संस्था) नियमाने आपल्याला हवी तीच चॅनल निवडता येतात, तरी निम्म्या घरांत कंपनीने बनवून दिलेला मोठा पॅक चालू असतो, त्यात कोणी न बघणारे हिंदी सिनेमे, एचडीची डबल चॅनल, सगळं. दोन-तीन मराठी चॅनल आणि फुकटची चॅनल एवढंच ठेवलं की बिल बऱ्यापैकी खाली येतं. फक्त एक लक्षात ठेवा, चॅनलच्या किमतीशिवाय नेटवर्क फी (कनेक्शनचा महिन्याचा आकार) असते, तिच्यावर आधी 130 रुपयांची मर्यादा होती ती ट्रायने 2024 मध्ये काढली, आणि सगळ्यावर 18 टक्के जीएसटी. त्यामुळे चॅनल दोनच घेतली म्हणून बिल वीस-तीस रुपये येईल असं धरून चालू नका.

आता क्रिकेट, इथे फ्री डिश सगळ्यांवर मात करते आणि ही गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. 2007 च्या कायद्याने भारताच्या वनडे आणि टी-20 चं सिग्नल, मॅचचे हक्क घेतलेल्या चॅनलला दूरदर्शनला द्यावं लागतं, पण 2017 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ते दूरदर्शनच्या स्वतःच्या फ्री डिशवर आणि जमिनीवरच्या (साध्या अँटेनाच्या) प्रक्षेपणावरच दाखवायचं, खाजगी डिश-केबलवर नाही. म्हणून पैसे भरणाऱ्या घरात डीडी स्पोर्ट्सवर भलतंच काहीतरी चालू असतं आणि पलीकडच्या घरात फुकटात मॅच. आयपीएल यात धरू नका, ती या नियमात बसत नाही, आणि टेस्टही मोजक्याच येतात.

बातम्यांसाठी पैसे भरायची गरजच नाही, बहुतेक मराठी न्यूज चॅनल यूट्यूबवर लाइव्ह असतात. प्रसार भारतीचं वेव्ह्ज नावाचं अ‍ॅपही आहे, नोव्हेंबर 2024 मध्ये गोव्यात इफ्फी चित्रपट महोत्सवात सुरू झालं, दूरदर्शनची चॅनल त्यावर दिसतात.

पाऊस. सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे. लोक म्हणतात खाजगी डिश पावसात जाते म्हणून फ्री डिश लावू, पण दोन्ही केयू बँड नावाच्या एकाच प्रकारच्या लहरींवर चालतात, त्या लहरी जोरदार सरीत शोषल्या जातात, सरकारी असो की खाजगी. फरक पडतो छत्रीच्या आकाराने आणि नेमक्या अलाइनमेंटने, नेहमीच्या 60 सेंटीमीटरच्या जागी 75 किंवा 90 ची लावली तर मधल्या सरींत चित्र टिकतं, झड लागली की तीही काही वेळ जाणारच. दुसरा शत्रू खारी हवा. किनाऱ्याजवळ एलएनबीचा (छत्रीसमोरचा सिग्नल पकडणारा भाग) कनेक्टर आणि स्टँड गंजतो आणि लोक बॉक्स बिघडला समजून नवा बॉक्स आणतात, आधी कनेक्टर उघडून बघा. आणि छत्री कौलांवर उंच चढवू नका, आकाश मोकळं असेल तर चिऱ्याच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) खाली लावा, वारा कमी लागतो आणि पावसात कोणाला छपरावर चढायला लागत नाही.

नेट पावसात टिकतं का? सरीने फायबरला काही होत नाही, पण ती केबल विजेच्या खांबांवरून आणि झाडांतून आलेली असते, एक फणस आडवा झाला की पूर्ण वाडी बंद, आणि दुरुस्तीला माणूस कधी येतो हे तुमच्या गावावर. लाइट गेली की राउटरही जातो, त्याला छोटा यूपीएस घ्या, पण मोबाइल टॉवरची बॅटरीही काही तासांत संपते. 3 जून 2020 ला निसर्ग वादळानंतर दापोली-मंडणगड भागात कित्येक गावांत लाइट यायला आठवडे लागले, तेव्हा डिश आणि नेट दोन्ही सारखेच निरुपयोगी, घरात एक बॅटरीवरचा रेडिओ असावाच.

मोबाइलच्या हॉटस्पॉटवर टीव्ही चालवू असं ज्यांना वाटतंय त्यांनी नका करू. एचडीत तासाला साधारण 2 ते 3 जीबी जातो, रोजचा 2 जीबीचा पॅक एका संध्याकाळीही पुरत नाही. घरात फायबर असेल, किंवा पोरांच्या अभ्यासासाठी, कामासाठी ते घ्यायचंच असेल, तर मात्र हिशोब पूर्ण बदलतो, कारण नेटचे पैसे कसेही जाणार आहेत आणि टीव्हीसाठी फक्त सबस्क्रिप्शनचे वाढतात. फक्त टीव्हीसाठी फायबर घेणं मला पटत नाही.

बंद घरांचं अगदी सोपं आहे. चाकरमानी गणपतीत, शिमग्याला आणि मे महिन्यात येतात, त्या दहा-पंधरा दिवसांसाठी पूर्ण महिन्याचा रिचार्ज कशाला, फ्री डिश लावून ठेवा, एकदाच बॉक्स-छत्रीचे पैसे, महिन्याला काहीच नाही. ज्यांना मालिका चुकवायच्या नाहीत ते मोबाइलवर बघतील.

जुनी छत्री असेल तर नवी घेऊ नका. फ्री डिशचा उपग्रह 93.5 अंश पूर्वेला आहे, आपल्याकडून आग्नेयेला आणि बराच उंच, त्यामुळे मधे एखादा माड असला तरी बहुतेक वेळा जमतं. बहुतेक वेळा जुनीच छत्री आणि एलएनबी तिकडे वळवून फक्त बॉक्स बदलला की काम होतं. बॉक्स एमपीईजी-4 (सिग्नलचा नवा प्रकार) चा घ्या, स्वस्त मिळतो म्हणून जुना एमपीईजी-2 चा नको, त्यात सगळी चॅनल दिसत नाहीत.

हे सगळं आगोटीच्या (पावसाळा लागण्याच्या) आधी, मे महिन्यातच उरका. जून लागला की डिशवाले फोन उचलत नाहीत आणि कौलं निसरडी होतात. आणि नेटवर जायचं ठरलं तरी पहिला पावसाळा संपेपर्यंत छत्री काढू नका, वर्षाचं सबस्क्रिप्शनही एकदम भरू नका, जुलै-ऑगस्टमध्ये तुमच्या वाडीतलं फायबर कसं टिकतं ते बघा आणि मग ठरवा.