चार पायऱ्यांसाठी उतार की प्लॅटफॉर्म लिफ्ट?

कोल्हापुरात सरकारी कचेरीच्या दारात व्हीलचेअरची सोय करायची म्हटली की हा पेच पडतो. (प्लॅटफॉर्म लिफ्ट म्हणजे व्हीलचेअरसकट माणसाला जोत्यापर्यंत उचलणारा छोटा पाळणा.) आधी जोत्याची उंची मोजा.

जागा: उताराचे प्रमाण १:१२. म्हणजे ६० सेंमी जोत्याला ७.२ मीटर उतार, शिवाय वर-खाली दीड-दीड मीटर सपाट जागा. लिफ्टला दोन चौरस मीटरच्या आसपास जागा पुरते.

खर्च: उतार एकदाच बांधायचा. लिफ्टला दरवर्षी देखभालीचा करार हवाच, आणि पुढच्या वर्षी त्याची तरतूद राहून गेली की ती बंद पडलीच म्हणून समजा.

पाऊस: इथे खरी परीक्षा. पॉलिश ग्रॅनाइटचा उतार जुलैत घसरगुंडी होतो. झाडू फिरवून खरखरीत केलेले काँक्रीट घाला, पायथ्याला पाणी निघून जायला आडवी जाळी द्या. लिफ्टच्या खड्ड्याला निचरा नसेल तर पाणी साचून स्विच जातात. वीज गेल्यावर हाताने खाली उतरवायची सोय आहे का, तेही तपासा.

वापर: उतारावरून म्हातारी माणसं, बाबागाडी, फायलींची ढकलगाडी, सगळंच जातं. लिफ्टची किल्ली मात्र शिपायाकडे, आणि शिपाई जेवायला! उताराचेही दुखणे आहे: जागा कमी म्हणून १:६ चा चढ करतात, तो एकट्याने चढवत नाही. पायथ्याशी मोटारसायकली लागतात, ते वेगळेच.

अंगण मोकळे, जोते मीटरच्या आत: उतारच. काळ्या दगडाची जुनी इमारत, उंच जोते, दार थेट रस्त्यावर: लिफ्ट, पण किल्लीशिवाय चालणारी.